पहिल्या बाकावरचं हसू

अर्थशास्त्राचे पटवर्धन सर वर्गात मुलांना हसवायचे आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांवर संशय घ्यायचे. चहात साखर जास्त पडली तरी 'यामागे कोण आहे?' म्हणून विचारणारा माणूस! तेव्हा हुस्नबानूचा फोन त्यांच्या टेबलावर ठेवायचा म्हटल्यावर काय होणार, ते मला ठाऊक होतं.

हुस्नबानू खडकीची. लहानपणी तापात तिचे कान गेले, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. पहिल्या बाकावर बसून ती सरांचे ओठ वाचायची. सर फळ्याकडे वळले की सगळं बुडायचं. शेवटची परीक्षा तोंडावर आली होती आणि नापास होण्याची तिला धास्ती होती. बोललेलं लगेच मराठीत लिहून दाखवणारं ॲप तिने फोनवर घेतलं. कॉलेजात दिव्यांग विद्यार्थ्यांचं काम माझ्याकडे, म्हणून परवानगी मागायला मी गेले.

"अहो बाई, हे यंत्र माझा शब्द न् शब्द टिपणार आणि प्राचार्यांकडे पोचवणार. निवृत्तीच्या तोंडावर नसती ब्याद!"

"ते फक्त तिला दिसतं, सर."

"प्रत्येक चुगलखोर असंच म्हणतो. आणि तिला हवंय कशाला? माझ्या प्रत्येक विनोदाला हसते ती. सगळं कळतं तिला."

ती इतरांकडे बघून हसते, हे त्यांना कोण सांगणार? शेवटी तयार झाले, पण मी पंच म्हणून वर्गात बसायचं या अटीवर.

फोन टेबलाच्या काठावर, तिला वाचता येईल असा ठेवला. सर त्याच्यापासून अंतर राखून, शब्द तोलून शिकवत होते. हळूहळू रंगले, फोन विसरले. फळ्यावर लिहितालिहिता सवयीने म्हणाले, "भिंतीलाही कान असतात म्हणे. आमच्या पहिल्या बाकाला तेवढी देवाने सूट दिलीय!"

वर्ग हसला. मला सरांची चीड आली, त्या हसणाऱ्यांचीही.

हुस्नबानू हसली नाही. ती वाचत होती. सरांचा संशय खरा ठरला होता, फोनने चुगली केलीच. मग ती उभी राहिली.

"सर, इतके दिवस मी हसायचे, ते विनोदही असेच होते?"

सर वळले. त्यांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. हुस्नबानू फोनच्या पडद्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिली.