तारोडीचं विरजण

मच्छीमार बायकांच्या सोसायटीची सभा झाली आणि माझा सोडून सगळे हात वर गेले. आपल्या बंदरावरची गॅसची टाकी आणि तिच्यावर चालणारं इंजिन भंगारात काढायचं, सोमवारी टेम्पो बोलवायचा, असं ठरलं. ज्यांनी हात वर केले त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. माशांची डोकी-आतडी टाकीत कुजवायची, त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं, इंजिनाच्या विजेवर बर्फ करायचा, मग बर्फासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, हे सेक्रेटरी म्हणून मीच तुमच्या गळी उतरवलं होतं. काही महिने चाललं आणि गॅस बंद पडला तो पडलाच. तरी भंगारात काढणं मला पटत नव्हतं. मंगळवारी सकाळी मी पिशवी भरली आणि मुंबईची एस.टी. धरली.

माझी धाकटी बहीण शोभा मीरा रोडला शांती नगरात राहते. तिनेच फोनवर सांगितलं होतं, की त्यांच्या सोसायटीतल्या भाजीच्या साली किनाऱ्यावरच्या तारोडी गावच्या कोळणी नेतात आणि त्यावर इंजिन चालवतात. मी म्हटलं, थापा असतील. बुधवारी सकाळी गेटवर उभी राहिले तर खरंच तीनचाकी टेम्पो आला आणि त्यातून माझ्याच वयाची बाई उतरली. ती रेजिना. लुगडं काष्ट्याचं, कमरेला चाव्यांचा जुडगा.

शोभाच्या शेजारच्या हंसाबेन बादली घेऊन खाली आल्या होत्या. त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही. त्यांनी बादली लांबूनच ड्रममध्ये रिकामी केली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हमारे दूधी के छिलके से मच्छी का बरफ जमता है. हमारी सासू को मत बोलना हां."

मी रेजिनाला माझं गाऱ्हाणं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या सीटवरचा डबा उचलला.

"पुढं बस. मागं साली हायत."

भाईंदर पश्चिमेला येऊन आम्ही राई, मुर्धा, मोर्वा करत निघालो. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला नवीन इमारतींचे सांगाडे. डोंगरीच्या वळणावर ब्रेक लागला, मागचं झाकण उडालं आणि दुधीच्या साली माझ्या खांद्यावर येऊन बसल्या. रेजिना हसलीसुद्धा नाही. "बस झाडत," म्हणाली.

"तुमचं कधी बंद पडलं नाही?" मी विचारलं.

"पडला ना. पयल्या वर्साला. सगले बोलले, बायांना इंजिन काय कलतं, विकून टाका. तीन वेला मानसं आली. मी बोलले, चावी माज्या कमरंला हाय, घेऊन दाखवा."

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मीही तेच करायला हवं होतं. मी मात्र सभेत नुसता हात खाली ठेवला.

तारोडीला पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. किनाऱ्यावरच्या वलांड्या (बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव) रिकाम्या होत्या. दसरा होऊन गेला तरी पाऊस जात नव्हता. असल्या हवेत आपल्याकडे बोंबील कुजतात आणि आपण नशिबाला बोल लावतो. इथे टाकीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन चालू होतं. आवाज होता, पण डिझेलसारखा काळा धूर नव्हता, आणि समोरच्या दोरीवर कुणाचे तरी पांढरे परकर खुशाल वाळत होते. जुनं डिझेल इंजिन मागे पडलं होतं, त्यावर कोंबड्या बसलेल्या.

इंजिनाच्या उजवीकडे बर्फाची खोली, तिला वीज इंजिनाची. डावीकडे दुसरी खोली, तिथे इंजिनाच्या अंगाने तापलेलं पाणी नळ्यांतून फिरत होतं आणि बोंबील ओळीने वाळत होते. एका गॅसवर एक खोली गार आणि एक गरम. आपलं इंजिन ती सगळी धग हवेत सोडत होतं, आणि आपण पलीकडे ओले बोंबील घेऊन आभाळाकडे बघत बसलो होतो. मला रागच आला, आपला सगळ्यांचा.

मी म्हटलं, "जरा बंद करून परत चालू करून दाखवता?"

"बर्फ पानी होईल तुज्यासाठी. बगाचा हाय तर कामाला बस."

बसले. कोयता हातात आला. बायका मासे साफ करत होत्या, पुढच्या पाटावर ताजे, मागच्या पाटावर मीठ लावून ठेवलेले. जवळ दोन टोपल्या. मी खारवलेल्या सुरमईचं डोकं कापलं आणि हाताशी होती त्या टोपलीत टाकलं. रेजिनाने माझं मनगट धरलं.

"यात न्हाय. खारा त्याला चालत न्हाय."

"कुणाला?"

"टाकीत जे जिवंत हाय त्याला. गॅस तेच करतं. मीठ लागला का मरतं. आमीपन पयल्या वर्साला तेच केला. नुसती मच्छी बी न्हाय चालत, म्हनून साली." मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुमी घातला काय?"

मी कोयता खाली ठेवला. सुकटीच्या हंगामात रोज संध्याकाळी खारवणाचं पाणी न सांडता, घमेलं भरून, टाकीत मी स्वतः ओतत होते. काही वाया जायला नको म्हणून. तुम्हाला त्याचं कौतुकही सांगत होते.

दुपारी तिने ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मी एका हाताने जेवत, दुसऱ्याने डोळे पुसत होते. ती म्हणाली, "रडू नको. दही नासलं तर भांडं इकतो काय? भांडं घास, नवीन विरजन लाव." निघताना तिने टाकीतला काळा पातळ शेणासारखा रस्सा कॅनमध्ये भरून दिला. बूच घट्ट लावलं तरी परतीच्या एस.टी.त वास सुटलाच. कंडक्टर म्हणाला, "आजी, हे उतरवा." मी म्हटलं, "उतरलो तर दोघं उतरू, मी आणि हा कॅन." आम्ही दोघं शेवटच्या सीटवर बसून घरी आलो.

शुक्रवार ते रविवार मी आणि माझ्या दोन भाच्यांनी टाकीचं झाकण उघडून हवा खेळू दिली, पंपाने सगळं उपसलं, गोड्या पाण्याने चारदा धुतली, शेणपाणी भरलं आणि तारोडीचा कॅन ओतला. तुमच्यापैकी बऱ्याच जणी नाकाला पदर लावून बघून गेलात.

सोमवारी टेम्पोवाला आला. त्याला चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला. ठराव मोडला, होय, मी मोडला. इंजिन बिघडलं नव्हतं. टाकी बिघडवली मी, आणि खापर इंजिनावर फुटलं. पुढच्या सभेत मला सेक्रेटरीपदावरून काढायचं असेल तर काढा, त्यासाठी पहिला हात मी वर करीन. टाकीला मात्र हात लावू नका. तिला विरजण लावलं आहे, आणि लागत असलेलं विरजण हलवायचं नसतं, हे तुम्हा कुणाला मी शिकवायला नको.