बांधावरचा जोंधळा

देवाने आधी भात पिकवला आणि मग तो खायला कुणीतरी हवं म्हणून माणूस घडवला, अशी आमच्या मोठ्या मामंजींची गाढ श्रद्धा होती. मोठे मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले बंधू. कोपरीला खाडीलगत त्यांचं खारं शेत होतं, आणि त्यात पिकणारा तांबडा, जाडा तांदूळ म्हणजे त्यांच्या लेखी पाचवा वेद. कुणाच्याही ओटीवर बसले, की आतल्या वाफेचा वास घेऊन हा तांदूळ कुठल्या शिवारातला ते सांगत. चुकले तर यजमानालाच आपला तांदूळ ठाऊक नाही, असं ठरवून मोकळे होत. सोयरिकीत पत्रिकेआधी माती पाहायची, हा त्यांचा नेम. मला पाहायला जुन्नरला आले तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "तुमच्याकडे पिकतं काय?" वडील ऐटीत म्हणाले, "जोंधळा, बाजरी, हरभरा!" मामंजींनी पगडी उतरवून मांडीवर ठेवली. मग दुखवट्याला आल्यासारखे म्हणाले, "असो. मुलगी तरी चांगली आहे."

ती चांगली मुलगी म्हणजे मी! नाकापेक्षा नथ मोठी आणि नथीपेक्षा तोरा मोठा. सासरी पहिल्याच पंगतीला तांबडा भात पाहून मी सासूबाईंना विचारलं, "हा करपला का हो?" ओटीवर मामंजींचा घास हातातच राहिला.

त्या काळी थोरल्या सासऱ्यांनी सुनेशी समोरासमोर बोलायचं नसे. मामंजींनी त्या कामावर मांजरीला नेमलं होतं. "माऊताई, सुनबाईंना सांगा, हा भात खाऊन आमच्या आजोबांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते." मीही दाराआडून म्हणायची, "माऊताई, सांगा, मऊ भाताला दात वापरावेच लागले नसतील." माऊताई दोन्ही पक्षांचं दूध पीत आणि निकाल कधीच देत नसत.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता मला हिवतापाने गाठलं. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच गेली. भाताची वाफ आली तरी मी तोंड फिरवायची, घोटभर पेजही टिकेना. "पोर हातची जाते हो," म्हणून सासूबाई उशाशी डोळे पुसत. मामंजी अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत, माऊताईंशीही बोलेनात. एका सकाळी ते आगगाडीने कल्याणला गेले. तिथे घाटावरची बैलं ओझी घेऊन उतरत. संध्याकाळी परतले ते खांद्यावर जोंधळ्याची पिशवी घेऊन! सासूबाई विहिरीवर होत्या. त्या येईपर्यंत थांबायला यांना धीर कुठला? स्वतःच चुलीशी बसले. जोंधळा दळून भाकरी करायची असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी तो धुतला, आधणात टाकला, घोटघोट घोटला आणि भातासारखी वर आलेली पेज काढली. वाटी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर आली. "माऊताई, सुनबाईंना सांगा, त्यांच्या माहेरचा भात आहे."

चव म्हणाल, तर भिंत सारवायला बरी. पण तिच्या वासात आमच्या जुन्नरचं खळं होतं. मी वाटी बोटाने निपटून खाल्ली, आणि ती पोटात राहिली. बाहेर मामंजी नाक ओढत म्हणाले, "माऊताई, आज चूल फार धुरते हो."

पिशवीत उरलेले मूठभर दाणे पुढच्या पावसात त्यांनी भातशेताच्या बांधावर टाकले. शेजारी हसले, "काय हो, घाटावर चाललात की काय?"

"पाहुणे आहेत," मामंजी म्हणाले, "बांधावर बसतील."

कणसं सगळी पाखरंच खात. तरी दरवर्षी ते मूठभर जोंधळा टाकत राहिले.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी पेज घेऊन उंबऱ्याशी उभी होते. त्यांनी सवयीने मांजर शोधली. माऊताई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मग त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, जोंधळा निसवला का गं?"

मी पदर सावरला. "निसवला, मामंजी. कणसं बाहेर आलीत."

"पाखरं?"

"बसलीत."

"बसू देत."

आता माझ्या नातसुनांना पांढरा, बारीक तांदूळ लागतो. तांबडा पाहून त्या नाकं मुरडतात, आणि त्यांच्या नथी पाहून मला हसू येतं. मूठभर जोंधळा मात्र मी अजून बांधावर टाकते. दाणा एकही घरात येत नाही. पण पाखरं हाकलायला मी कुणाला जाऊ देत नाही.