पाणी बेतानं प्यायचं

ड्रायव्हरचं निम्मं आयुष्य गाडी चालवण्यात जातं आणि निम्मं वाट बघण्यात. किस्से साठतात ते या दुसऱ्या निम्म्यात. आम्ही सात-आठ ड्रायव्हर व्हाइटफील्डच्या एका मोठ्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये बसतो. मी निपाणीचा मारुती, सहाव्या मजल्यावरच्या साहेबांकडे असतो. माझ्या शेजारी बसतो मंजण्णा, कोलारकडचा. अकराव्या मजल्यावरच्या मॅडमकडे बारा वर्षं आहे. तो कन्नडमध्ये बोलतो, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

मंजण्णाला शुगर आहे. शुगरवाल्याला सारखं लघवीला जावं लागतं, आणि आमच्या बेसमेंटला संडास नाही. वर क्लबहाउसमध्ये आहे, तो फक्त राहणाऱ्यांसाठी. आमच्यासाठी रस्त्यापलीकडचा पेट्रोल बंक, म्हणजे आपला पंप. जाऊन यायला वीस मिनिटं लागतात. मॅडमचा फोन आला की तीन मिनिटांत गाडी लॉबीसमोर पाहिजे. म्हणून मंजण्णानं पाणीच कमी केलं.

*

आमच्या साहेबांना वाटतं, ड्रायव्हरला पाठीमागचं ऐकू येत नाही. एकदा ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा अर्धा तास मित्राला फोनवर सांगत होते की गरिबांना सगळं फुकट देऊन राजकारण्यांनी लोकांची सवय बिघडवली, आता कुणाला काम नको. संध्याकाळ झाली होती. मी पहाटे पाचला त्यांच्या मेव्हणीला एअरपोर्टला सोडलं होतं, तेव्हापासून गाडीवरच होतो.

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "मारुती, तुम्हा लोकांना काय काय फुकट मिळतं रे?"

"रेशनचा तांदूळ मिळतो साहेब."

"बघ," म्हणाले, आणि जेवायला क्लबात उतरले. मी बाहेर दोन तास थांबलो. थांबायचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

*

निवडणुकीच्या आधी एक उमेदवार सोसायटीत मतं मागायला आला. वर सगळ्यांना भेटून झाल्यावर खाली बेसमेंटलाही आला. पांढरे कपडे घातलेला माणूस आमच्यात पहिल्यांदाच बघितला. त्यानं मंजण्णाचा हात दोन्ही हातांत धरला, काय अडचण आहे विचारलं. मंजण्णानं लाजत लाजत संडासाचं सांगितलं. उमेदवारानं पीएला लिहून घ्यायला लावलं. पीएनं लिहिलं.

ते पुढे गेले. त्यांचा ड्रायव्हर गाडी वळवायला मागे राहिला होता. मंजण्णानं त्याला हळूच विचारलं, होईल का रे काम?

तो म्हणाला, "अण्णा, त्यांच्या बंगल्यावर मी कंपाउंडच्या मागे जातो. आठ वर्षं झाली."

*

मतदानाच्या दिवशी सुट्टी आली. पुढे शनिवार-रविवार होता. साहेबांनी कूर्गला रिसॉर्ट घेतलं. मी आदल्या दिवशी म्हटलं, सकाळी मत टाकून निघूया का, दहा मिनिटांचं काम आहे. साहेब म्हणाले, स्वल्प, म्हणजे थोडं, लवकर निघालं तर ट्रॅफिक लागणार नाही. पहाटे साडेचारला निघालो.

दुपारी कॉफीच्या मळ्यातून जाताना साहेबांच्या बायकोचं लक्ष स्टिअरिंगवरच्या माझ्या हाताकडे गेलं. बोटाला शाई नव्हती.

"मारुती, तू व्होट केलं नाहीस?" त्या खरंच नाराज झाल्या. "म्हणूनच असले लोक निवडून येतात."

मी सॉरी म्हटलं.

*

नंतर काही महिन्यांनी बेसमेंटच्या कोपऱ्यात प्लंबर आले. फरशी फोडली, पाइप घातले, नळ बसवला, टाइल्स लावायला घेतल्या. मंजण्णा रोज जाऊन बघून यायचा. त्या पांढऱ्या कपडेवाल्या उमेदवारानं लिहून नेलं होतं, तसं केलं, म्हणायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो, कारण आमचा विश्वास नव्हता. पण खरं सांगतो, चौथ्या दिवशी आम्हालाही वाटायला लागलं.

सहाव्या दिवशी बोर्ड लागला. त्यावर कुत्र्याचं चित्र होतं. पावसाळ्यात फिरून आलेल्या कुत्र्यांचे पाय धुवायची जागा होती ती. गरम पाण्याचीही सोय होती.

त्या दिवशी मंजण्णानं डबा गाडीत एकट्यानं खाल्ला.

*

उन्हाळ्यात मंजण्णा गाडी पुसता पुसता खाली बसला आणि त्याला उठता येईना. आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. किडनीला सूज होती. डॉक्टरीणबाईंनी त्याला रागावून विचारलं, पाणी का पीत नाही? मंजण्णा माझ्याकडे बघायला लागला. रोज तीन लिटर प्यायलाच पाहिजे, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला. मॅडमनी ती चिठ्ठी वाचली होती. बाई मनानं वाईट नाहीत. त्यांनी त्याच्यासाठी स्टीलची मोठी बाटली आणली होती, चांगली दीड लिटरची, दिवसभर पाणी गार राहील अशी. स्वतःच्या हातानं भरून दिली आणि बजावलं, संध्याकाळपर्यंत संपलेली दिसली पाहिजे, मी बघणार आहे.

मंजण्णानं ती बाटली आम्हाला दाखवली. सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. साडेपाचला मॅडमचा फोन आला, तसा तो उठला, रॅम्पजवळच्या कुंड्यांपाशी गेला आणि बाटली त्यांत हळूहळू रिकामी केली. झाकण लावलं. गाडी लॉबीसमोर नेली.

मॅडम मागे बसल्या. त्याच्याकडून बाटली घेतली, कानाजवळ नेऊन हलवली.

"गुड, मंजू," म्हणाल्या.