बिनपाण्याची भट्टी

मरोदा वस्तीत आमच्या घरामागं एक रिटायर काका राहत. नाव मी कधी विचारलं नाही, नक्कल मात्र रोज करायचो: कमरेवर हात, एक डोळा बारीक अन् "चार्ज मारला का?" जन्मभर पोलादाच्या प्लांटात भट्टीवर काम केलं, भट्टीत माल टाकणं म्हणजे चार्ज मारणं, तर अंगणातल्या संडासालेही ते भट्टीच म्हणत. त्यात फ्लश नव्हता. उठल्यावर मूठभर भुसा अन् राख टाकायची, झाकण लावायचं. हाच चार्ज. धुवायचं भोक वेगळं, ते पाणी केळीले जाये.

एक दिवस शेजारची काकू आमा गल्लीतल्या पोरांले घेऊन तिथं धडकली. "वास येत असन. तोडा हे!"

मी नाक दाबून सगळ्यात पुढं.

काका म्हणाले, "तोडा न. पण पहिले एकानं वापरून पाहा."

सगळ्यांनी मलेच ढकललं. सवयीनं मी भरली बालटी उचलली. काका धावले, बालटी हिसकून घेतली.

"धुवायले लोटा अंदर आहे! बालटी ओतली का सारं सडते, मंग वास सुटते. कोरडं राहिलं तर आतून तापते, खत होते. भट्टीत कोणी पाणी टाकते का, बापू?"

मी बाहेर आलो, तर त्यांनी बंद केलेल्या जुन्या खड्ड्यातलं वर्षभर मुरलेलं काळं खत माझ्या हातावर ठेवलं. नुसता मातीचा वास. काकूनंही वाकून वास घेतला.

"माझ्या गुलाबाले भेटन का, भाऊ?"

काकाचा हात कमरेवर, डोळा बारीक.

"भेटन न. पण चार्ज मारायले या लागन."