बिल्ल्याशिवाय मोबाइल नाही

विद्यापीठाच्या अभ्यासिकेच्या दारात मामा अठरा वर्षं बसत होते. पोरांचे मोबाइल खणात ठेवायचे, हातावर पितळी बिल्ला टेकवायचा आणि वर सुनवायचं, "दोन तासांत जग बुडत नाही." बिल्ला दाखवल्याशिवाय त्यांनी कुलगुरूंच्या भाच्यालाही मोबाइल दिला नव्हता. मोबाइल बघायला कोण किती वेळा बाहेर येतो, त्यावरून कोण गटांगळ्या खाणार हे ते आधीच सांगत.

पण कारकुनाच्या खात्यांतर्गत परीक्षेत मामा स्वतः दोनदा आपटले होते. वयाच्या अटीमुळे आता शेवटची संधी उरली होती. अभ्यासाचा व्हिडिओ बघायला म्हणून मोबाइल उघडायचा आणि अर्ध्या तासाने जंगलात हातांनी तलाव खणणाऱ्या दोन माणसांकडे आ वासून बघत बसायचं, हे रोजचंच. तलाव पुरा झाला, परीक्षेला लावलेली नियमावली तशीच राहिली.

हे एका मुलीने हेरलं. ती शेवटच्या वर्षाची, एका विषयात अडकलेली आणि दर दहा मिनिटांनी बाहेर येणारी.

"मामा, तुमचाही मोबाइल खणात ठेवा, बिल्ला माझ्याकडे द्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी बाहेर येणार नाही, तुम्ही मागायचा नाही."

पहिल्या दिवशी मामांनी तीनदा दारातून डोकावून विनवलं, "घरून फोन आला असेल गं."

"दोन तासांत जग बुडत नाही, मामा."

हळूहळू दोघांची बैठक जमली. मामांची परीक्षा झाली, तिचा पेपर बाकी होता, म्हणून करार चालूच राहिला.

निकालाच्या दिवशी अकरा वाजल्यापासून खणात मामांचा मोबाइल थरथरत होता. किल्ली त्यांच्याच खिशात, बिल्ला मात्र आत तिच्यापाशी. हात दोनदा किल्लीकडे गेला, तरी नियम मोडवेना. आत जाऊन मागावा, तर तिची मान पुस्तकातून वर येत नव्हती. तिला हाक मारणं त्यांच्या जिवावर आलं.

एक वाजता ती आली. मोबाइलवर बायकोचे सतरा मिस्ड कॉल. मामांनी फोन लावला.

"होतात कुठे? पास झालात तुम्ही. शेजारणीने यादी बघितली. साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, तुम्ही सोडून."

मामा स्टुलावर बसले आणि त्यांना रडूच फुटलं. "फोटो काढू या," म्हणत मुलीने आपला बिल्ला पुढे केला. बिल्ला दाखवूनही मोबाइल न देण्याची मामांची ती पहिलीच वेळ.

"परवा पेपर आहे ना तुझा?" ते डोळे पुसत म्हणाले. "पास हो, मग दोघांचा काढू."