गळकी नळी आणि मुकी बारात

काकासाहेबांचा फोन आला आणि त्यांनी एवढंच सांगितलं, "बेबी, धारकडच्या बाग गावच्या गुंफा बघायला शनिवारी निघू. गाडी माझी."

मी पन्नाशीला टेकले आहे, देवासच्या एका बँकेत अधिकारी आहे, पण काकासाहेबांसाठी बेबीच. ते माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वीज खात्यातून निवृत्त झाले आणि काकू गेल्यापासून एकटे राहतात. आमचे पूर्वज इथल्या दरबारात कारकून होते. दरबार गेला, नावापुढचं 'साहेब' तेवढं राहिलं.

गाडी माझ्या लग्नाच्या आधीची, लाल. माझी नवी गाडी नेऊ या म्हटलं तर म्हणाले, "तुझ्या गाडीत बसलं की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं." शेवटी माझ्या नवऱ्याने आग विझवायचा छोटा सिलिंडर त्यांच्या सीटखाली ठेवून दिला. काकासाहेबांना ते अपशकुनी वाटलं, पण जावयाला बोलता येईना.

माघातली थंडी होती. सकाळी देवास सोडलं, इंदूरला शेव आणि जीरावनचा मसाला घातलेले पोहे खाल्ले आणि धारचा रस्ता धरला. रस्ता उत्तम आहे, फक्त ट्रकवाल्यांना तो आपलाच वाटतो. दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा. धारला किल्ला पाहिला, मग एका भोजनालयात दाल-बाफले, म्हणजे वरणाबरोबर तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. तिथे पाठीमागे उभा राहून वाढणारा माणूस तुपाला नाही म्हटलेलं ऐकत नाही. कुणी या वाटेने जाणार असेल तर माझं ऐका, बाफले खाऊन लगेच गाडीत बसू नका. आम्ही बसलो.

धारहून बागेला जायला दोन-तीन रस्ते आहेत. आम्ही टांड्याच्या बाजूचा घेतला. गाव मागे पडलं, एक चढ लागला आणि मला वास आला.

"काकासाहेब, पेट्रोलचा वास येतोय."

"पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच येणार. गुलाबाचा येईल का?"

"थांबवा गाडी."

"चढ संपला की थांबवतो."

"आत्ता थांबवा."

माझा आवाज बँकेतला निघाला असावा, कारण त्यांनी मुकाट्याने गाडी कडेला घेतली. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, त्यांना खाली उतरवलं आणि वाकून पाहिलं. इंजिनच्या खालून पेट्रोलची बारीक धार लागली होती. इंजिन बंद झाल्यावर धारेचे थेंब झाले, पण थेंब थांबेनात. खाली चांगलं ओलं झालं होतं.

अशा वेळी काय करायचं ते मला माहीत होतं, आणि करायचं फार थोडं असतं. इंजिन बंद. पुन्हा चालू करून बघायचं नाही. माणसं गाडीपासून लांब, आणि वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला. कोणतंही बटण दाबायचं नाही. बॅटरीची तार ओढायची नाही, कारण सुटताना ठिणगी पडू शकते. सांडलेल्यावर माती टाकायची आणि मेकॅनिकची वाट बघायची. मी सीटखालचा सिलिंडर काढून हातात धरला. काकासाहेब म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, तो अपशकुनी आहे."

लांब जाऊन धारच्या एका मेकॅनिकला फोन केला. तो स्वतः एका लग्नात होता. उद्या सकाळी येतो म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या शेतातून शेतकरी आला. भेरूलाल त्याचं नाव. तोंडात पेटलेली बिडी.

"कंई हुई गयो, बेन?"

"पेट्रोल टपक रहा है, भिया. बीड़ी उधर फेंक के आओ."

तो बिचारा परत शेताच्या पार पलीकडे गेला, बिडी विझवली आणि मग आला. फावडं त्यानेच आणलं. आम्ही दोघांनी माती टाकली. पण गाडी उभी दिसली की मालव्यात सल्लागार जमिनीतून उगवतात. एकाने सांगितलं, कपड्याचा साबण चोळा. दुसऱ्याकडे सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. मोटरसायकलवरचा एक सज्जन बराच वेळ वाकून बघत राहिला आणि अगदी मनापासून म्हणाला, "पानी भी हो सकता है. माचिस लगा के देख लो, पता चल जाएगा."

त्याला मी नाव विचारलं नाही. फक्त मोटरसायकल ढकलत न्यायला लावली.

आणि मग खालून बँड ऐकू आला.

बारात होती. पुढे बँड, मागे घोडीवर नवरदेव, नाचणारी पोरंबाळं, आणि सगळ्यांच्या पुढे दोन तरुण दर दहा पावलांवर फटाक्यांची माळ लावत येत होते. रस्ता अरुंद. ती सगळी मंडळी आमच्या गाडीला घासूनच जाणार होती. मी सिलिंडर घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले.

बँड थांबला. पुढे आले फुफाजी. फुफाजी म्हणजे नवरदेवाच्या आत्याचे यजमान. आमच्याकडच्या लग्नांत रुसण्याचा पहिला मान त्यांचा असतो, आणि हे गृहस्थ त्या मानाला पूर्ण लायक होते. गुलाबी फेटा, रेशमी कुर्ता, मोठ्या मिशा.

"बारात रुकती नहीं है, मैडम. हमारे यहाँ आज तक नहीं रुकी."

मी पेट्रोल, ठिणगी, मुलं, सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण मान मागे जात होती. तेवढ्यात काकासाहेब पुढे झाले आणि हात जोडले.

"जमाईसाब, रुकिए मत. बस, जरा रास्ता बदल लीजिए."

'जमाईसाब' या एका शब्दाने मान जागेवर आली. फुफाजींनी ताबडतोब सूत्रं हातात घेतली. फटाके मागच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवायला लावले. दिव्यांचा जनरेटर खालीच थांबवला. बारात भेरूलालच्या हरभऱ्यातून वळवायची ठरली. भेरूलालने आपल्या पिकाकडे पाहिलं, नवरदेवाकडे पाहिलं आणि म्हणाला, "निकली जाव. लाड़ी वाट देखती होयगी." लाड़ी म्हणजे नवरी.

एवढं करून फुफाजींना वाटलं, आवाजानेही गाडी भडकू शकते. मी म्हटलं, बँड वाजवा, त्याने काही होत नाही. पण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग ती बारात शेताच्या बांधावरून निघाली ती एकामागे एक, चवड्यांवर. बँडवाल्यांनी पिपाण्या छातीशी धरल्या होत्या, ढोलवाल्याने ढोलावर हात दाबून धरला होता. बायका पैंजण वाजू नयेत म्हणून पावलं जपून टाकत चालल्या होत्या. इतकी मुकाट मंडळी मी अंत्ययात्रेतही पाहिली नाही. काकासाहेब बांधाशी उभे राहून प्रत्येकाला नमस्कार करत होते आणि प्रत्येक जण आवाज न करता नमस्कार परत करत होता.

शेताच्या मध्यावर घोडी थांबली आणि हरभरा खाऊ लागली.

नवरदेवाने टाचा मारल्या, लगाम ओढला, फुलांच्या सेहऱ्याआडून कुजबुजला, "चल ना." घोडी खातच होती. कुणाला ओरडायची सोय नव्हती. सगळी बारात जागच्या जागी उभी राहून घोडीचं जेवण बघत राहिली.

या खोळंब्यात मागे राहिलेला एक चुलतभाऊ कंटाळला. तो रस्त्यावरच होता, आमच्या गाडीपासून जेमतेम चार-पाच हातांवर. त्याने खिशातून शोभेच्या दारूचा अनार काढला, जमिनीवर ठेवला आणि काडी ओढली. मी त्याला पाहिलं तेव्हा वातीने पेट घेतला होता.

मी धावले. पिन ओढली, नळी रोखली, मूठ दाबली. दुसऱ्या बाजूने फुफाजीही त्याला धरायला धावत आले होते, ते मला दिसलेच नाहीत. सिलिंडरमधली सगळी पांढरी पूड एका दमात बाहेर आली. धुरळा खाली बसला तेव्हा अनार विझला होता, चुलतभाऊ पळाला होता आणि मध्ये फुफाजी उभे होते, फेट्यापासून मोजड्यांपर्यंत पांढरे. फक्त डोळे तेवढे काळे.

मी रस्त्यावरच बसले. गाडीखाली पेट्रोल अजूनही थेंब थेंब पडतच होतं.

फुफाजींनी आधी आपल्या कुर्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "अब हम नहीं जाएँगे."

बारातीत कुजबूज सुरू झाली. फुफाजी नाहीत तर आत्या नाही, आत्या नाही तर ओवाळणं नाही. मुहूर्त जवळ आला होता. नवरदेव घोडीवरून उतरून हात जोडत आला, तरी ते हलेनात. काकासाहेबांनी आपल्या खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याने फुफाजींच्या मिशा हलकेच पुसल्या आणि म्हणाले, "जमाईसाब, आप आग के सामने दौड़े. मैंने अपनी आँखों से देखा. मंडप में ये बात मैं खुद बताऊँगा."

फुफाजींनी विचार केला. "ठीक से बताएँगे?"

"शब्द है मेरा."

मग फुफाजींनी उरलेली पूड कुणाला पुसू दिली नाही. पुरावा हवा होता.

भेरूलाल गाडीजवळ राखण करायला थांबला, बिडीशिवाय. आम्ही बारातीबरोबर पुढच्या गावात गेलो. तिथे काकासाहेबांनी प्रसंग तीनदा सांगितला. तिसऱ्या वेळी फुफाजींनी अनारावर झेप घेतली होती आणि मी कुठे नव्हतेच. नवरीच्या आईने पांढऱ्या फुफाजींना आधी ओवाळलं, मग नवरदेवाला. प्रत्येक फोटोत ते भूत होऊन मधोमध उभे आहेत आणि त्यांच्याइतकं खूश त्या मंडपात दुसरं कुणी नव्हतं. कुणीतरी हातावर अत्तर लावलं. काकासाहेबांनी हात नाकाशी नेला आणि मला विचारलं, "गुलाब की मोगरा?" मला वाटलं, थट्टा करतायत.

वऱ्हाडातल्या एका जीपने धारला परतून रात्र लॉजवर काढली. सकाळी मेकॅनिक आम्हाला घेऊन गाडीपाशी आला. रबराची नळी जागोजागी तडकली होती, त्याने इंधनाचीच म्हणून मिळते ती नवी नळी घातली, ती आवळायच्या पट्ट्या बदलल्या आणि गाडी चालू ठेवून बराच वेळ हात फिरवून ओल तपासली. जुनी गाडी असणाऱ्यांनी ही नळी लांबच्या प्रवासाआधी वाकवून बघावी. भेगा दिसल्या की बदलावी, खर्च किरकोळ आहे.

मग बाग. गुंफा नदीच्या काठावर आहेत, आतला थंडावा छान. गावातले लोक आतल्या मूर्तींना पांडव म्हणतात. भिंतींवरची चित्रं फारशी उरलेली नाहीत, बरीच कधीच संग्रहालयात गेली. काकासाहेब तरुणपणी आले होते. मोकळ्या भिंतीपुढे उभे राहून म्हणाले, "तेव्हाही एवढंच होतं. मीच घरी जाऊन वाढवून सांगितलं असणार." गावात ठशांच्या छपाईचं कापड घेतलं. मी चादर घेतली, त्यांनी काही घेतलं नाही.

देवासला पोचलो ते उन्हं उतरताना. त्यांच्या घरी गेले तर चहा पिऊन जा म्हणाले. त्यांनी फ्रिजमधून दूध काढून पातेल्यात ओतलं आणि मला तो आंबूस वास दारातूनच आला.

"काकासाहेब, दूध नासलंय."

त्यांनी पातेलं नाकाशी नेलं, मग उजेडात धरलं. "दिसत तर नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते पातेलं ठेवून ओटा पुसू लागले, तो स्वच्छच होता.

"कधीपासून?"

"त्या मोठ्या तापापासून. वास गेला तो आलाच नाही. तुझी काकू होती तोवर ती सांगायची, दूध बघा, गॅस बघा." मग फडक्याची घडी करत म्हणाले, "गाडीतही तिलाच यायचा."

मी खाली बसून गॅसची नळी वाकवून पाहिली. गाडीच्या नळीला होत्या तशाच भेगा. गळत नव्हती, अजून. रेग्युलेटर बंद केला आणि त्यांना जेवायला माझ्या घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी नवी नळी बसवली.

बागेची चादर पलंगावर आहे, एका धुण्यात रंग थोडा उतरला. गाडी अजून चालते, मात्र मी बरोबर असेन तरच. बँकेतून येताना मी रोज त्यांच्याकडे डोकावते. ते दारातच उभे असतात आणि विचारतात,

"काय काय येतंय?"

"मेथी. ओले कपडे. शेजारी कुणाकडे तरी वांगं आहे."

"जळतंय?"

"नाही, भाजतायत."

"मग ठीक," म्हणतात आणि चहाला आत वळतात.