थोरल्या मुलीची पत्रिका

गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि वरची पत्रिका उघडली. मराठी पानावर ‘ज्येष्ठ वद्य पंचमी’ छापलं होतं. मी टाइप केलं होतं ‘वैशाख वद्य पंचमी’. दुसरी उघडली, तेच. मधूनच एक ओढून काढली, तेच. तीनशे पत्रिका होत्या. दुपारचा दीड वाजला होता आणि पाच वाजता जसोंडीचे नारायणभाऊ त्या न्यायला येणार होते.

मी बऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यात, घरीच लग्नपत्रिका तयार करते. मजकूर लिहायचा, कॉम्प्युटरवर बसवायचा, गिऱ्हाइकाला प्रूफ म्हणजे छापण्याआधीचा नमुना दाखवायचा आणि फाइल प्रेसला पाठवायची. आमच्याकडे पुष्कळ लग्नांत एक बाजू मराठी असते आणि दुसरी हिंदी. म्हणून कव्हरच्या आत दोन सुटी पानं, एक मराठी, एक हिंदी, रेशमी दोरीनं बांधलेली.

गोची असते ती तिथीत. दिवस एकच, पण पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यात महिन्याचं नाव बदलतं. आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदीवाल्यांचा पौर्णिमेला. पौर्णिमा झाली की ते पुढच्या महिन्यात जातात, आपण जुन्यातच असतो. आपला वैशाख वद्य तोच त्यांचा ज्येष्ठ कृष्ण. दोन्ही बरोबर. नवख्या माणसाला ती चूक वाटते आणि तो सुधारायला जातो.

आता या पत्रिकेतली नवरी नारायणभाऊंची थोरली मुलगी. त्यांच्या घरात थोरल्या लेकराचं लग्न ज्येष्ठात लावत नाहीत, अगदी कडक पाळतात. मुलगा खंडव्याचा, घरातला धाकटा, त्यामुळे त्या लोकांना अडचण नव्हती. प्रूफ बघताना नारायणभाऊंनी ‘वैशाख’वर बोट ठेवून मला बजावलं होतं, “ताई, त्याइच्या पानावर काहीबी राहू द्या. आमच्या पानावर वैशाखच पाहिजे. माझ्या मायनं ज्येष्ठ वाचला तं ते मांडवात पाय ठेवनार नाही.”

मी प्रेसला फोन लावला, स्पीकरवर. शकीलभाई तिथले ऑपरेटर, माणूस जबाबदार.

“शकीलभाई, मराठी पानावर ज्येष्ठ कोणी केला?”

“आपने ही बोला था भाभी. मैंने फोन करके पूछा, एक तरफ वैशाख है, दूसरी तरफ ज्येष्ठ, एक ही करना है क्या? आपने कहा, हो, एकच.”

“मी? कधी?”

“परसों. यही खाने का टाइम था.”

मी काही बोलणार, तेवढ्यात ताटं घेत असलेली माझी मुलगी ऋचा जागच्या जागी थांबली. “मम्मी, वो तो मैंने पूछा था! आजीला एकच भाजी वाढू का, म्हणून.”

मी कपाळाला हात लावला. एका कानाला फोन, समोर सासूबाईंचं ताट, गॅसवर दूध. त्यांना तिखट चालत नाही, म्हणून मी ऋचाला म्हटलं, ‘हो, एकच.’ आणि शकीलभाईंनी एका घराचा वैशाख पुसून टाकला.

माझे यजमान शाळेत शिक्षक. सकाळची शाळा करून तेव्हा जेवायला बसले होते. ते म्हणाले, “इंग्रजी तारीख बरोबर आहे ना? मग देऊन टाक. तिथी कोण वाचतंय?”

“त्यांची आई वाचते.”

“मी म्हणतो ते यासाठीच,” ते म्हणाले.

ते काय म्हणतात ते मला पाठ होतं. सीझन संपला की इथल्याच लालबागला, स्टेशनकडे, गाळा घे, नाहीतर हे बंद कर. त्यांचंही खोटं नव्हतं. गिऱ्हाईक सकाळी सातला बेल वाजवायचं. सोफ्यावर कॅटलॉग पसरलेले असायचे, ऋचा स्वयंपाकघरात फरशीवर बसून अभ्यास करायची. पण सासूबाईंची उजवी बाजू दोन वर्षांपासून लुळी. दिवसभर त्यांना एकटं टाकून मी गाळ्यावर बसू शकत नव्हते. म्हणजे गाळा घे याचा अर्थ माझ्यापुरता बंद कर, एवढाच होता. अकरा वर्षांत उभं केलेलं काम एका भाजीपायी जातंय की काय, या विचारानं मला रडू आलं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि कॉम्प्युटर सुरू केला.

फाइल दुरुस्त केली. या वेळी फोनवर काही बोलले नाही, लिहून पाठवलं: ‘फक्त मराठी पान. वैशाखच. बदलू नये.’ शकीलभाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. साडेतीनला नवी पानं घरी आली.

आता तीनशे दोऱ्या सोडायच्या, जुनं पान काढायचं, नवं घालायचं, पुन्हा बांधायचं. मी सतरंजी अंथरली. ऋचा न सांगता बसली. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “जुनी पानं माझ्याकडे द्या, डाव्या हातानं गठ्ठा लावते.” पाच मिनिटांनी यजमानही आले, चष्मा पुसत. त्यांच्या गाठी इतक्या वाईट होत्या की ऋचा त्या गुपचूप परत सोडून बांधत होती. आम्ही चौघं असे एका सतरंजीभोवती किती दिवसांनी जमलो होतो, मला आठवेना.

साडेचारलाच बेल वाजली. नारायणभाऊ अर्धा तास आधी आले होते. लपवायला जागाच नव्हती. सगळी पानं पसरलेली. मी सरळ सांगितलं, चूक कशी झाली तेही, भाजीसकट.

त्यांनी खाली वाकून एक नवं पान उचललं, ‘वैशाख’वर बोट ठेवलं. मग विचारलं, “जुने पानं कुठी आहेत?”

सासूबाईंनी मांडीवरचा गठ्ठा पुढे केला.

“एकबी बाहेर जायले नको. मी चुलीत घालतो.” गठ्ठा पिशवीत टाकून ते चक्क खाली बसले. “द्या इकडं ते दोरी. केळीच्या झाडाले टेके बांधू-बांधू माझा जन्म गेला.”

त्यांची बोटं आमच्यापेक्षा भराभर चालत होती. बांधता बांधता ते यजमानांना म्हणाले, “गुरुजी, ताईचं घरीच दुकान आहे म्हनून बरं. बाजारातल्या गाळ्यावर एवढे जन बसले असते का?”

 यजमानांची पुढची गाठ बरी आली. पाच वाजून वीस मिनिटांनी पत्रिका जसोंडीला रवाना झाल्या. नारायणभाऊंच्या आई मांडवात आल्या, पुढच्या रांगेत बसल्या, आणि जेवण खारट झालं म्हणून सगळ्यांना ऐकवत राहिल्या.

या धंद्यात मी एक शिकले. प्रेसचा प्रश्न लेखी यावा, उत्तरही लेखी जावं, आणि हातात पळी असताना कोणालाही ‘हो’ म्हणू नये.

गाळ्याचा विषय नंतर निघाला नाही. पत्रिका गेल्या त्याच आठवड्यात आम्ही जेवायला बसलो आणि माझा फोन वाजला. मी उठणार, तोच यजमानांनी तो उचलला.

“एक ते दोन बंद असतं,” ते म्हणाले.

पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी.

“नाही हो, सुट्टी नाही. या वेळात इथे घर चालू असतं. दोननंतर करा.”